चौथा ब्लॉक

डोंबिवली (पूर्व)
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. श्रिया हिस अनेक आशीर्वाद.

पूर्वी तुझ्या नावाआधी चि. सौ. लिहायचे. आज पेन तिथे अडलं. मग नुसतं चि. लिहिलं. आवडलं नाही तर तेही खोडून वाच.

तुझा पत्ता कळव्याला तुझ्या आईंकडून घेतला. त्यांनी दिला, पण तिला त्रास होईल असं काही लिहू नका, असं बजावून दिला. फोन करता आला असता. पण फोनवर मी रडते, आणि रडणाऱ्या माणसाशी कुणाला नीट भांडता येत नाही. पत्राशी तुला भांडता येईल.

काल ठाण्याला तुझं व्याख्यान झालं, त्याला मी आले होते. शेवटच्या रांगेत, खांबाआड बसले होते. ह्यांना सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडे जाते. कॉलेजच्या फाटकाशी फळ्यावर तुझं नाव होतं, डॉ. श्रिया प्रधान. अजून प्रधान लावतेस हे बघून मी तिथेच उभी राहिले. वॉचमन म्हणाला, आजी, कुणाला न्यायला आलात? म्हटलं, ऐकायला आले.

तू बारीक झाली आहेस. चष्म्याची काडी सारखी वर सरकवतेस, ती घट्ट करून घे. मराठीत बोललीस म्हणून मला पुष्कळ कळलं. कळलं तेवढं वहीत लिहून घेतलं, दळणाच्या पानामागे. बरोबर आहे का बघ.

पेशीला आतून सांगाडा असतो. तो हाडांचा नसतो, प्रथिनांच्या दोऱ्यांचा असतो. त्याच्यामुळे तिला आकार राहतो आणि त्याच्याच जोरावर ती हलते. अ‍ॅक्टिन नावाच्या दोऱ्या पुढच्या बाजूला वाढत जातात, पेशीची कड पुढे लोटतात, मागच्या सुटतात, आणि पेशी सरकते. जखम भरते ती अशीच. पण कॅन्सरची पेशी हेच चांगलं काम भलत्या ठिकाणी करते. शेजारच्या पेशींना धरून बसलेली असते, ती हात सोडते. अंगातल्या ताठ दोऱ्या कमी करते, लवचिक दोऱ्या वाढवते. त्या लवचिक दोऱ्यांचं नाव व्हायमेंटिन, हे मी व्याख्यानात बाजूला बसलेल्या मुलीला विचारून लिहिलं. मग बारीक बोटं काढून चाचपत चाचपत रक्तवाहिनीत शिरते आणि दुसरीकडे जाऊन घर करते. माणूस बहुतेक वेळा मूळ गाठीने जात नाही, तिथून निघून गेलेल्या पेशींनी जातो.

तू पडद्यावर परांचीचं चित्र दाखवलंस. मागचे बांबू सोडून पुढे बांधत जाणारी माणसं. सगळे हसले. मला ते चित्र कुणाचं ते ठाऊक होतं. आपल्याच टेबलावर अनिमेष म्हणाला होता, "आई, ही माझंच काम करते. हिच्या बिल्डिंगी तेवढ्या लहान आहेत." साइटवरून आला होता आणि हात न धुताच पोळी मोडत होता. तू त्याच्या हातावर चापट मारली होतीस.

शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, गाठ लहान आणि तरी फार लवकर पसरली, अशा रुग्णांचे नमुने तुम्हाला मिळतात का? तू म्हणालीस, फार कमी. एकाने स्वतःहून सही करून दिला होता, तो माझ्यापर्यंत पोहोचला नाही. माझं नाव घेतलं नाहीस. घोटभर पाणी प्यायलीस आणि पुढचा प्रश्न घेतलास. मी चपला हातात घेऊन जिना उतरले.

श्रिया, तीन वर्षं तू माझ्यावर रागावली आहेस. ऑपरेशनमध्ये काढलेल्या अनिमेषच्या गाठीचे तुकडे हॉस्पिटलने आपल्याकडे दिले होते, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला. मेणात बसवलेले, अंगठ्याएवढे, खाली प्लास्टिकची जाळी. तू त्यांना ब्लॉक म्हणायचीस. नंतर ते तुझ्या प्रयोगशाळेला द्यायचे, असं तो लिहून गेला होता. आणि मी दहाव्याला ते अस्थींबरोबर मोठागावच्या खाडीत सोडले. तुला विचारलं नाही. तुला कळलं तेव्हा तू एकच वाक्य बोललीस, "आई, तो तुमचा एकटीचा नव्हता." तेराव्यानंतर कळव्याला गेलीस, तिथून बेंगळुरूला.

मी तेव्हा म्हटलं होतं की देहाचा कण जरी मागे राहिला तरी जीव अडकतो. ते मी मानते, आजही मानते. पण ते पूर्ण उत्तर नव्हतं. बाकीचं लिहायला मला जरा वेळ दे. तू परत बोलावंस, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पाकिटात संक्रांतीचा हलवा घातला आहे. तुला पाठवावा की नाही याचा विचार केला. मग विचार करणं सोडून दिलं.

मंदाकिनी प्रधान


डोंबिवली
मंगळवार, ३ फेब्रुवारी

चि. श्रिया,

तुझा मेसेज आला. "हलवा मिळाला. लिहिलेलं बहुतेक बरोबर आहे. ताठ दोऱ्यांचं नाव केराटिन." एवढाच. पण चूक दुरुस्त केलीस म्हणजे शेवटपर्यंत वाचलंस. मी तो ह्यांना दाखवला. ह्यांनी चष्मा लावून तीनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे दाताच्या डॉक्टरने तुला केराटिन शिकवलं तर." मग सगळं सांगावं लागलं. रागावले नाहीत. मला नेलं का नाहीस, एवढंच म्हणाले आणि बराच वेळ पेपर उलटा धरून बसले.

केराटिन वहीत लिहिलं. शेजारच्या घरातल्या मुलीने सांगितलं की केसांत, नखांत असतं तेही त्याच जातीचं. औषधं चालू झाल्यावर त्याचे केस गेले तेव्हा तू स्वतःचेही कापून आली होतीस. मी तुला बोलले होते, सवाष्णीने असं करतात का म्हणून. ते बोलणं परत घेते.

आपल्या बिल्डिंगला सध्या रंग काढताहेत. खिडकीबाहेर परांची बांधली आहे. राघो म्हणून एकजण आपल्या मजल्यापर्यंत आला, त्याला चहा दिला आणि विचारलं, तुम्ही पुढे जाता तेव्हा मागचे बांबू कसे काढता? तो म्हणाला, "ताई, नवीन बांबू कुठून आणणार? मागची दोरी सोडायची, तोच पुढे घ्यायचा. दोरी सोडणारा आणि बांधणारा एकमेकांना न बघता काम करतात, तरी पडत नाही." मी विचारलं, आणि चुकीच्या बिल्डिंगला बांधत गेलात तर? तो हसला. म्हणाला, परांचीला काय कळतंय बिल्डिंग कुणाची. आम्हाला मुकादम सांगतो. मग मला वाटलं, त्या पेशीला मुकादम कोण, हे तू शोधते आहेस. असंच ना?

आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते. चहा दोनदा गार झाला.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ब्लॉक खाडीत सोडले. माझी सवय तुला माहीत आहे. घरात जे येतं आणि घरातून जे जातं ते मी लिहिते, सांडगे असोत की सुया. त्या वर्षीच्या वहीत हॉस्पिटलचं पान आहे, गाठीचे पातळ काप लावलेल्या काचांसकट. ‘ब्लॉक ४, काचा ११, एक्सरे २ आले.’ आणि दहाव्याच्या तारखेला खाली लिहिलं आहे, ‘ब्लॉक ३, काचा ११ गेल्या.’

एक माझ्याजवळ आहे.

त्या दिवशी घाटावर भटजींनी हात पुढे केला तेव्हा तीन दिले. चौथा पदराच्या गाठीत होता. ती गाठ मुठीत घट्ट धरली होती. सोडवेना. शास्त्र सांगणारी मीच आणि चोरी करणारीही मीच. घरी येऊन तो चांदीच्या डबीत ठेवला, ती डबी देवघरात, अन्नपूर्णेच्या मागे. रोज पूजा करताना ती उचलते, खालचं पुसते, परत ठेवते. तीन वर्षं. उघडली कधी नाही. नाही, खोटं कशाला, पहिल्या वर्षी दोनदा उघडली.

तू जे मागत होतीस ते माझ्या घरात होतं आणि मी तुला जाऊ दिलं. तुझ्या मागून जिन्यात दोन पायऱ्या उतरलेसुद्धा होते. तोंड उघडलं नाही.

आता तो तुझा आहे. कसा ठेवू, कसा देऊ, ते कळव.

मंदाकिनी


डोंबिवली
रविवार, १५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

चि. श्रिया,

पत्र मिळाल्याच्या दिवशीच तुझा मेसेज आला. "उन्हात नको. दिव्याजवळ नको. धुऊ नका." त्यात आई नव्हतं आणि रागही नव्हता, नुसते तीन नको. ते वाचलं आणि मी तशीच देवघराकडे धावले. कारण अन्नपूर्णेच्या मागे म्हणजे समईच्या अगदी जवळ.

डबी उघडली. एका कोपऱ्याचं मेण उतरलं होतं. जाळीवरून ओघळून डबीच्या तळाला थिजलं होतं. श्रिया, त्याच्यासाठी म्हणून लावलेल्या दिव्याने मी त्यालाच वितळवत होते.

हे बाहेरून आले. मी देवघरासमोर बसलेली, हातात डबी. ह्यांना हेही सांगितलं. ते खाली बसले, गुडघे दुखतात तरी बसले. म्हणाले, "मला वाटायचं तू त्यात खडीसाखर ठेवतेस. दोनदा हात घातला होता. तुझ्या भीतीने काढला." मग आम्ही दोघंही हसलो आणि मग हसणं थांबलं.

वर्तकनगरला डॉ. वैशाली म्हणून आहेत, त्यांची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. ह्यांच्या भाचीच्या ओळखीच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेले. स्टीलच्या डब्यात गार पाण्याची पिशवी, वर रुमाल, त्यावर डबी. रिक्षावाल्याला म्हटलं हळू चालव. तो म्हणाला, काय मावशी, अंडी आहेत का?

डॉक्टरांनी ब्लॉक उजेडात धरला, भिंगाने बघितला, आणि विचारलं, "ह्याला कुंकू कसं लागलं?" मी म्हटलं, बाकीच्या देवांची पूजा करते, ते उडतं. अक्षतेचा एक दाणाही मेणात रुतला होता. त्या बाईंनी तो चिमट्याने अलगद काढला आणि टाकून न देता माझ्या हातावर ठेवला. मग त्यांनी मऊ ब्रशने कुंकू झाडलं. त्या म्हणाल्या, "मेण गेलंय एका बाजूचं. आतला तुकडा शाबूत आहे. पुन्हा मेणात बसवता येईल. पण ते ज्यांच्याकडे जायचंय त्यांनाच करू दे." आता तो त्यांच्याच फ्रीजमध्ये आहे, पाकिटावर तुझं नाव घालून. तू येऊन ने. मी पोस्टाने पाठवणार नाही. माझा कुरियरवर विश्वास नाही.

तो तुझ्या हातात पडण्याआधी मात्र एक गोष्ट तुला माहीत पाहिजे. आज उपास आहे, उपासाला खोटं लिहिणार नाही.

२० सप्टेंबर २०२१. कानाखाली वाटाण्याएवढी गाठ. डॉक्टरांनी सुई घालून तपासायला दुसऱ्याच दिवशी बोलावलं होतं. त्या दिवसापासून पितृपंधरवडा. मी म्हटलं, या पंधरा दिवसांत नवीन काही सुरू करायचं नाही. पंधरवडा संपला आणि घट बसले. आपल्या घरी घटाची पूजा त्याच्याकडे. मी म्हटलं, घट उठेपर्यंत अंगाला सुई लावू नये. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या कानात घातलं होतं की एकदा सुई-सुरी लागली की ते पसरतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, देवाचं नाव पुढे केलं. दसऱ्यानंतर गेलो. पंचवीस दिवस.

तू दोनदा म्हणालीस, थांबू नका. तेव्हा तो तुला हसून म्हणाला होता, "पंचवीस दिवसांत काय होतंय." तू त्याला आळशी म्हणालीस, दोन दिवस त्याच्याशी बोलली नाहीस.

ते वाक्य त्याचं नव्हतं. मी त्याला स्वयंपाकघरात घेऊन ते बोलायला लावलं होतं. म्हटलं, तू म्हटलंस तर ती ऐकेल, मी म्हटलं तर वाद होईल. तो म्हणाला, "आई, ती बरोबर सांगतेय गं." मी त्याला देवीची शपथ घातली. आणि त्याने ते वाक्य बाहेर जाऊन म्हटलं, वर हसलासुद्धा, म्हणजे तुला संशय येऊ नये. पुढे आजारपणात तुला तो कधीच हे बोलला नाही. मला कळतं, कारण बोलला असता तर तू माझ्या हातचं जेवली नसतीस.

म्हणून ब्लॉक खाडीत गेले. मला वाटलं, तू ते दुर्बिणीखाली धरशील आणि त्यात तुला ते पंचवीस दिवस दिसतील. धर्म खरा होता, पण त्याच्या आड मी उभी होते.

आता माझं मागणं एवढंच. तू त्याच्यावर रागावली असशील तर तो राग इकडे वळव. आणि ब्लॉकमध्ये ते दिवस निघाले तर मला सांग. माझं वय बघून लपवू नकोस.

मंदाकिनी


डोंबिवली
रविवार, ३ मे

चि. श्रिया,

मधे महिनाभर तुझं काही आलं नाही. मी रोज तीनला खाली पत्रपेटी बघून यायचे. हे म्हणायचे, अगं, ती पत्र लिहिणाऱ्यातली नाही. मी म्हणायचे, मग जिना चढून येईल. ते म्हणाले, तू फार मोठी भाकितं करतेस.

आणि पाडव्याला सकाळी दारात तू, हातात थर्माकोलचा खोका. गुढीची साडी मी अर्धी नेसवलेली होती. तू चपला काढल्यास, आत आलीस, काठी धरलीस आणि म्हणालीस, "निऱ्या मी घालते, तुमच्या सुटतात." त्या दिवशी तू पंचवीस दिवसांबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. श्रीखंड वाढलं, ते खाल्लंस. त्याच्या खोलीचं दार उघडून बघितलंस, आत गेली नाहीस. मग ह्यांच्याबरोबर वर्तकनगरला गेलीस आणि तिथूनच परस्पर विमानतळावर. मला तेव्हा वाटलं की हे शेवटचं. माझ्या हातचं जेवलीस हे मात्र मी धरून ठेवलं.

काल तुझा फोन आला. मी रडले नाही, बघितलंस ना. तू जे सांगितलंस ते लिहून ठेवते आहे, नीट आलं का ते सांग.

कापांना रंग चढला. बाहेरच्या कडेला पेशी एकमेकींना धरून आहेत, त्यांच्यात केराटिन आहे. मधे एका पट्ट्यात ते जवळजवळ नाही आणि व्हायमेंटिन खूप. त्या पट्ट्यातल्या लांबट झाल्या आहेत आणि सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. तू म्हणालीस, आई, निघायच्या तयारीत असतानाच पकडल्या गेल्यात. अशा नमुन्यांत तुझ्याकडे हा सातवा. सातवर काही सिद्ध होत नाही, पण सहापेक्षा बरं.

मग मी विचारलं. मागे कुठलं तरी यंत्र चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

तू म्हणालीस, "आई, ह्यात तारीख नसते. त्या कधी निघाल्या हे मला सांगता येत नाही. गाठ हाताला लागायच्या आधीच गेल्या असतील. त्या पंचवीस दिवसांत गेल्या असतील. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही."

मी बरं म्हटलं. खरंच बरं. तारीख मला माहीत आहे, ती माझ्याकडेच राहील. तुझ्या काचेवर तिची जागा नाही.

आणि मग तू म्हणालीस, "तो आळशी नव्हता हे मला चार वर्षं आधी कळायला हवं होतं." तुझ्याकडून मी ते हिरावलं होतं. परत दिलं तेव्हा तो नाही. याची माफी मागायला मला शब्द येत नाहीत आणि मी मागत नाही. तू गणपतीला येते म्हणालीस, रागावलेलीच येईन म्हणालीस. ये. रागावलेल्या माणसाला मोदक जास्त लागतात.

तू पाठवलेला फोटो शेजारच्या मुलीने मोठा करून छापून आणला. काळ्यावर हिरव्या दोऱ्या, मधे निळे ठिपके. ह्यांनी बघितल्या बघितल्या म्हटलं, ही तर परांची. मी म्हटलं, अनिमेषची. देवघरात ठेवणार होते, पण तिथे समई आहे. फ्रीजवर लावला.

शेवटचं. उरलेला ब्लॉक नव्या मेणात बसवून कपाटात ठेवला आहे म्हणालीस. तिथे कुणाचं नाव लिहीत नाहीत, नंबर असतो. मी म्हटलं, मग तो नंबर मला दे. तू विचारलंस, आई, तुम्हाला कशाला? काल फोनवर नीट सांगता आलं नाही. माणूस कुठे आहे त्याचा पत्ता आपल्याजवळ असावा, म्हणून.

नंबर वहीत लिहिला आहे. दळणाच्या पानामागे नाही, पहिल्या पानावर, जिथे घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा आहेत. तुझीही तिथे आहे, ती मी कधी खोडली नव्हती. तिच्या शेजारी जागा होती, तिथे लिहिला.

तुझी,
आई